दुसऱ्या वाटेने मानसशास्त्राकडे : प्रस्तावना

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडावे असे मला वाटते, त्यांनी पहिली पदवी मानसशास्त्रात घेतलेली नाही. कोणी अभियंता आहे, कोणी बी.कॉम. होऊन बँकेत लागलेली, कोणी शाळेत गणित शिकवते, कोणी रुग्णालयात परिचारिका आहे. पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, नोकरी आणि संसार चालू असतानाच, माणसाच्या मनाचा अभ्यास पायापासून करावा अशी ओढ त्यांना लागली आहे. अशा माणसाला पुन्हा अठरा वर्षांच्या मुलांबरोबर तीन वर्षे बाकावर बसावे लागू नये म्हणून ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी एक रीतसर वाट ठेवली आहे. तिला तिथे ‘कन्व्हर्जन मास्टर्स’ म्हणतात. दुसऱ्या विषयाचा पदवीधर तिच्यात प्रवेश घेतो आणि मानसशास्त्राच्या पदवीचा गाभा पदव्युत्तर पातळीवर, थोड्या काळात आणि दाटीवाटीने शिकतो. पूर्ण वेळ केली तर साधारण वर्षाची आणि अर्धवेळ केली तर दोन वर्षांची ही एमएससी आता बरीच विद्यापीठे दूरस्थ पद्धतीनेही देतात. स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा गावांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतल्या अनेकांना, विशेषतः जोडीदाराच्या नोकरीमुळे तिथे गेलेल्या स्त्रियांना, ही वाट सोयीची वाटते. मराठीत तिची ओळख करून द्यावी असे त्यामुळेच वाटले.

या अभ्यासक्रमाला वजन येते ते ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या मान्यतेमुळे. ही संस्था १९०१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दहा जणांनी स्थापन केली. १९६५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. मान्यताप्राप्त कन्व्हर्जन पूर्ण करणाऱ्याला संस्थेच्या सनदी सदस्यत्वाकडे नेणारी पायाभूत पात्रता मिळते. तिचे नाव लांबलचक आहे, सगळे जण तिला जीबीसी म्हणतात. पुढे क्लिनिकल किंवा शैक्षणिक मानसशास्त्रातल्या व्यावसायिक डॉक्टरेटला अर्ज करायचा, तर पहिला प्रश्न ‘जीबीसी आहे का?’ हाच असतो. म्हणून शिकवायचे काय, हे विद्यापीठाच्या मर्जीवर सोडलेले नाही. जैविक, बोधनिक, विकासात्मक आणि सामाजिक मानसशास्त्र, व्यक्तिभिन्नता, या शास्त्राचा इतिहास आणि त्याच्या मूळ संकल्पना, संशोधनपद्धती आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः केलेले एक संशोधन, एवढे सगळे १८० श्रेयांकांत बसवावे लागते.

अशा विद्यार्थ्यांशी माझा संबंध शिक्षक म्हणून आला. प्रवेशअर्जासोबत ते जे निवेदन लिहितात, त्यात एक भाव हमखास असतो: लोक माझ्यापाशी मन मोकळे करतात, मला त्यांना मदत करायची आहे. हा भाव खरा असतो आणि मोलाचाही. पण पहिल्याच सत्रात समोर येते ते प्रमाण विचलन, टी-चाचणी आणि प्रयोगाची मांडणी. माणसांचे दुःख समजून घ्यायला आलो आणि आकडेमोड करत बसलो, अशी खंत अनेकांना वाटते, आणि कोणी कोणी तिथेच थांबतात. त्यांच्यासाठी मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी या प्रस्तावनेत निरनिराळ्या अंगांनी सांगणार आहे. संशोधनपद्धती हाच या अभ्यासाचा गाभा आहे. मनाबद्दल प्रत्येकाला मते असतात. आजीला असतात, शेजाऱ्याला असतात, कीर्तनकाराला असतात, आणि त्यातली पुष्कळशी शहाणपणाची असतात. पण यातले कोणते मत कितपत खरे, कोणाच्या बाबतीत खरे आणि ते कसे तपासायचे, हे सांगता येणे ही वेगळी विद्या आहे. ज्याला मदत करायची आहे त्याला ती जास्तच हवी, कारण चुकीच्या खात्रीने केलेली मदत दुसऱ्याला भोगावी लागते.

एक उदाहरण जवळून पाहू. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी संशोधकाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग जवळपास प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीलाच स्वतःवर करून पाहतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो. शब्द वाचायचा नसतो, शाईचा रंग सांगायचा असतो, आणि जीभ अडखळते. नुसत्या रंगीत चौकोनांचे शंभर रंग सांगायला स्ट्रूपच्या सहभागींना सरासरी ६३ सेकंद लागले. शब्द आडवे आल्यावर तेच काम ११० सेकंदांवर गेले. वाचायचे नाही असे ठरवूनही वाचले जाते. वाचनाची सवय इतकी मुरलेली असते की ती आपली परवानगी विचारत नाही.

आता समजा, लंडनमधली एक मराठी विद्यार्थिनी आपल्या प्रकल्पासाठी हा प्रयोग देवनागरीत करायचे ठरवते. तिच्या ओळखीत तीन तऱ्हांची माणसे आहेत. काही जण मराठी माध्यमात शिकून पुढे परदेशी आले. काही इंग्रजी माध्यमाचे. मराठी त्यांना शाळेत एक विषय म्हणून होती, त्यामुळे देवनागरी येते पण सावकाश. तिसरी, तिथेच जन्मलेली तरुण मंडळी घरात अस्खलित मराठी बोलतात, पण देवनागरी वाचू शकत नाहीत. अडखळणे जर वाचनाच्या सवयीतून येत असेल, तर पहिल्या गटाला देवनागरी शब्द सर्वांत जास्त आडवे यावेत, दुसऱ्याला कमी, आणि तिसऱ्याला, मराठी उत्तम येत असूनही, जवळजवळ नाहीच. हेच मराठी शब्द रोमन लिपीत छापले तर तिसऱ्या गटाचे काय होईल? प्रश्न छोटा आहे, पण भाषा येणे आणि लिपी येणे या दोन गोष्टी मेंदूत किती वेगळ्या राहतात, याचा धागा त्याने हाती लागू शकतो.

विषय सुचला म्हणजे काम झाले असे नवख्याला वाटते. खरे काम इथून सुरू होते. पहिल्या गटातली माणसे पन्नाशीची आणि तिसऱ्या गटातली विशीची असतील, तर वयामुळे येणारा संथपणा लिपीच्या नावावर खपून जाईल. म्हणून प्रत्येकाची तुलना आधी त्याच्या स्वतःशीच करायची: निरर्थक चिन्हांचे रंग सांगायला त्याला किती वेळ लागतो, शब्दांचे रंग सांगायला किती, आणि दोहोंतला फरक काय. देवनागरी ‘सावकाश येते’ म्हणजे नेमके किती? सहभागीच्या सांगण्यावर विसंबायचे, की एक उतारा मोठ्याने वाचून घेऊन वेळ मोजायची? उत्तर बोलून द्यायचे की कळ दाबून? घरोघरच्या पडद्यांवर लाल आणि नारिंगी सारखे दिसतात का? सहभागींपैकी कोणी रंगांध तर नाही? गटात किती माणसे घेतली म्हणजे फरक असल्यास तो दिसेल? हा आकडा माणसे जमवण्याआधी काढायचा असतो, नंतर नव्हे. आणि या सगळ्याच्याही आधी नीतिसमितीची मंजुरी: सहभागीला काय सांगितले, नको वाटल्यास मधेच सोडून जाता येते हे कळवले का, त्याची माहिती कुठे आणि किती काळ राहणार, लहान मुले घेणार असाल तर पालकांच्या संमतीचे काय. या प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे म्हणजेच मानसशास्त्र शिकणे. हे करत असताना तिने बोधनिक मानसशास्त्र वाचलेले असते, मुलांना वाचन येत जाते तेव्हा काय घडते हे पाहताना विकासात्मक मानसशास्त्र, आणि लिपी न येणाऱ्या तरुणांना आपण किती मराठी आहोत असे वाटते हे विचारले तर सामाजिक मानसशास्त्रही. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत वेगवेगळ्या रकान्यांत दिसणारे विषय एका प्रश्नाभोवती असे एकत्र येतात.

अहवालाचा शेवटचा भाग ‘चर्चा’ या नावाचा असतो. तिथे नव्या विद्यार्थ्यांची लेखणी हमखास घसरते. ‘यावरून सिद्ध झाले की’ असे वाक्य येते, आणि तपासणारा त्याखाली रेघ ओढतो. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. एखाद्या म्हणण्याला बळ मिळते किंवा ते डळमळते. हा काटेकोरपणा मानसशास्त्राने स्वतः ठेच खाऊन शिकलेला आहे. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका मोठ्या सामूहिक प्रयत्नाचे निष्कर्ष आले. नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. कोणी म्हणेल, मग हे शास्त्र शिकायचे कशाला? मला उलट वाटते. स्वतःच्या घरातली ही झडती या शास्त्राच्याच लोकांनी घेतली आणि जगासमोर मांडली. तिच्यामुळे आज संशोधनाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवणे आणि माहितीसाठा इतरांसाठी खुला करणे रूढ होत आहे. जो आज प्रवेश घेतो तो या शास्त्राच्या अधिक प्रामाणिक काळात प्रवेश घेतो.

आकड्यांपलीकडचे संशोधनही याच शिस्तीत येते. मुलाखती घेऊन त्यांतून आशयसूत्रे काढण्याची जी पद्धत व्हर्जिनिया ब्रॉन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडली, ती कन्व्हर्जनच्या विद्यार्थ्यांत फार लोकप्रिय आहे. सोपी वाटते म्हणून ती निवडू नये. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवून काढायला पाच-सहा तास सहज जातात, आणि मग ती पुन्हा पुन्हा वाचून प्रत्येक सूत्राचे समर्थन द्यावे लागते.

दुसऱ्या विषयातून येणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. हिशेबनीस आकड्यांच्या कोष्टकाला घाबरत नाही, आणि बेरीज जुळत नसेल तर ती का जुळत नाही हे शोधल्याशिवाय उठत नाही. संशोधनात ही वृत्ती सोन्याच्या मोलाची. संगणक अभियंत्याला सायकोपाय किंवा आर ही प्रयोगाची आणि संख्याशास्त्राची संगणकीय साधने शिकायला आठवडा पुरतो. शिक्षिकेने चाळीस मुलांचा वर्ग रोज पाहिलेला असतो. लक्ष, स्मृती, प्रेरणा या शब्दांमागे तिला चेहरे दिसतात. मात्र याच अनुभवाची एक अडचण असते. ‘मी वीस वर्षे पाहत आले आहे’ हा पुरावा म्हणून पुढे केला जातो. त्या अनुभवातून प्रश्न काढावेत. उत्तरे मात्र तपासूनच घ्यावीत.

आता दूरस्थ पद्धतीविषयी. घरबसल्या मिळवलेली पदवी कमी प्रतीची, हा समज आपल्याकडे खोल आहे, आणि इतिहास त्याला दुजोरा देत नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना पदव्या खुल्या केल्या. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये अभ्यासाला लागले, आणि नोकरदारांनी, गृहिणींनी रात्री जागून मिळवलेल्या पदव्यांना तिथे मान मिळाला. मानसशास्त्रापुरते बोलायचे तर स्मृतीचे पहिले पद्धतशीर प्रयोग हर्मान एबिंगहाउसने एकट्याने, स्वतःवरच केले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, ठराविक काळाने किती उरले ते मोजायचे, आणि हे चिकाटीने करत राहायचे.

त्याच परंपरेतले एक संशोधन दूरस्थ विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात वाचावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र पालटले: चार वेळा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मुले झोपल्यावर रात्री दहा ते बारा एवढाच वेळ ज्याच्या हाती आहे, त्याने तो अधोरेखित ओळी पुन्हा वाचण्यात घालवू नये. वही मिटावी, आठवून लिहावे, चुका पाहाव्यात. घरात कोणी ऐकणारे असेल तर दिवसाचा धडा त्यांना मराठीत समजावून सांगावा. कुठे अडते ते लगेच कळते.

या पद्धतीत एका गोष्टीची उणीव राहते, आणि ती लपवून उपयोग नाही. वर्गाबाहेरच्या मार्गिकेत, चहाच्या टपरीवर जो वाद होतो, तो इथे आपोआप होत नाही. आपले म्हणणे कोणी खोडून काढले नाही तर ते पक्के होते, मग ते चुकीचे का असेना. म्हणून अभ्यासाचा एक तरी सोबती मिळवावा, शक्यतो वेगळ्या व्यवसायातला, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी एका शोधनिबंधावर भांडावे. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद ठेवून बसणारा विद्यार्थी मला नेहमी काळजीत टाकतो. पुढे प्रकल्पाच्या वेळी तोच बहुधा एकटा पडतो.

दूरस्थ विद्यार्थ्याची एक जमेची बाजू मात्र पुरेशी ओळखली गेलेली नाही. मानसशास्त्राचे फार मोठे ज्ञान पाश्चात्त्य विद्यापीठांतल्या तरुण विद्यार्थ्यांवर प्रयोग करून जमा झाले आहे. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइने आणि आरा नोरेन्झायान यांनी २०१० मध्ये याकडे जोरदारपणे लक्ष वेधले: ज्या समाजांवरून साऱ्या मानवजातीबद्दल विधाने केली जातात, ते अनेक बाबतींत अपवादात्मकच आहेत. कॅम्पसवर राहणाऱ्याला सहभागी म्हणून वर्गमित्रच मिळतात. तुम्ही गोदामात पाळी करणाऱ्यांमध्ये, मंदिरातल्या ज्येष्ठ नागरिकांमध्ये, शाळेच्या फाटकापाशी थांबलेल्या पालकांमध्ये वावरता. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. तिथल्या तीन पिढ्यांचे वाढणे, म्हातारे होणे आणि दोन भाषांत विचार करणे यावर मानसशास्त्राच्या अंगाने किती तरी पाहता येईल. फक्त जवळच्या नातेवाइकांना सहभागी करू नका. ते तुम्हाला हवे तेच उत्तर देतील.

इतिहासाच्या प्रकरणात काही पाने वाचायला जड जातील. बुद्धिमापन आणि व्यक्तिभिन्नतेचा अभ्यास ब्रिटनमध्ये ज्या फ्रान्सिस गाल्टनपासून सुरू झाला, त्यानेच १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ ही संज्ञा घडवली, आणि वंशांची उतरंड लावणाऱ्या त्याच्या लेखनात आपल्यासारख्या समाजांना कुठे बसवले जात होते हे वेगळे सांगायला नको. ती पाने गाळू नयेत. मोजमापाचे साधन कोणाच्या हाती आहे याने काय फरक पडतो, हे तिथे कळते.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. नावात ‘मानसशास्त्र’ असलेली प्रत्येक एमएससी कन्व्हर्जन नसते. जीबीसी मिळणार का, हे विद्यापीठाला लेखी विचारावे आणि सोसायटीच्या मान्यताप्राप्त यादीत पडताळून पाहावे. जीबीसी म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. क्लिनिकल, समुपदेशन, शैक्षणिक, फोरेन्सिक अशी पदनामे ब्रिटनमध्ये २००९ पासून कायद्याने संरक्षित आहेत; हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती लावता येत नाहीत, आणि त्यासाठी पुढचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावेच लागते. क्लिनिकल डॉक्टरेट तीन वर्षांची असते, तिला स्पर्धा तीव्र असते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव पाहिला जातो. दूरस्थ अभ्यासक्रमाच्या आधारे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. हे सगळे आधीच माहीत असलेला विद्यार्थी निराश होत नाही.

महाराष्ट्रात राहून अशी ब्रिटिश पदवी घेऊ पाहणाऱ्यांनी अधिक जपून पाऊल टाकावे. भारतातही कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत असे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे एम.ए. हे त्याचे ठळक उदाहरण, आणि गावोगावच्या कितीतरी शिक्षकांनी, समाजकार्यकर्त्यांनी त्याचा लाभ घेतला. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून, मानसशास्त्रासह या कायद्याच्या कक्षेतल्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवायला सांगितले. रुग्णांशी थेट संबंध येणारे शिक्षण प्रत्यक्ष उपस्थितीनेच व्हावे, यामागची काळजी मला समजते. पण मानसशास्त्र शिकणारा प्रत्येक जण उपचारक होत नाही. शाळा, न्यायालय, रस्त्यावरची वाहतूक, कामगारांची सुरक्षितता, निवडणुकीतली मतपत्रिका या सगळ्यांत मनाचे शास्त्र लागते. विषयाचा पाया दुरून शिकू द्यावा आणि उपचाराचे प्रशिक्षण समोरासमोर द्यावे, अशी विभागणी ब्रिटनने बऱ्यापैकी निभावली आहे. आपल्याकडे तिचा विचार व्हायला हवा. तोवर परदेशी दूरस्थ पदवी भारतात कोणत्या कामासाठी ग्राह्य धरली जाईल, हे पैसे भरण्याआधी संबंधित नियामक संस्थेकडून लेखी घ्यावे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून इथे काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते, आणि तिला ही पदवी पर्याय ठरत नाही.

या पुस्तकात विषयांचा क्रम विद्यापीठांच्या पुस्तिकांपेक्षा वेगळा ठेवला आहे. संशोधनपद्धती आधी येते, मग बोधनिक आणि विकासात्मक मानसशास्त्र, मग बाकीचे विषय, आणि इतिहास शेवटून दुसरा, म्हणजे तोवर वाचकाजवळ इतिहासाला विचारण्यासारखे प्रश्न जमलेले असतील. पारिभाषिक शब्द मराठीत दिले असले तरी ज्यांचे इंग्रजी रूपच सर्वांच्या तोंडी आहे ते तसेच ठेवले आहेत, कारण परीक्षा इंग्रजीत द्यायची आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक छोटा प्रयोग आहे, घरच्या घरी करून पाहता येईल असा. पहिल्या प्रकरणातला प्रयोग करून, त्याचे आकडे स्वतःच्या हाताने मांडून झाल्याशिवाय दुसरे प्रकरण उघडू नये, एवढी विनंती आहे.